नाली तुंबली, वावर चिबडलं : मेंदूच्या शिरांतली गुठळी आणि परफ्युजन स्कॅन

लकवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साठी ओलांडलेला माणूस येतो. बीपी आहे, शुगर आहे, बिडीची सवय आहे. सकाळी उठला तर एक हात उचलत नाही, तोंड वाकडं झालेलं. आज ज्या आजाराविषयी बोलायचं आहे तो या लकव्याचा चुलतभाऊ. वय मात्र त्याला तरुण लागतं. आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात तो कधी कधी बाळंतिणीच्या खोलीत येऊन बसलेला असतो, कोणाच्या लक्षातही येत नाही.

उदाहरणासाठी एक बाई उभी करू. ही कोणी एक खरी बाई नाही, समजावून सांगायला घेतलेली आहे. पण इथे बसलेल्या डॉक्टर मंडळींना ती ओळखीची वाटेल. वय २३. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. महिना एप्रिलचा, पारा ४३ च्या वर. सिझर झालं, सुटी झाली, घरी आली. नवव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. आई म्हणाली, रात्रभर बाळ जागवतं, झोप नाही, म्हणून दुखत असेल. शेजारची म्हणाली, कमरेत सुई देतात ना, त्याचंच दुखणं. घरात पाणी मोजून दिलं जातंय, कारण जास्त पाणी प्यायलं तर पोट सुटतं असं सगळ्यांना पक्कं माहीत आहे. अकराव्या दिवशी उलट्या. बाराव्या दिवशी पहाटे उजवा हात थडथड उडायला लागला आणि मग पूर्ण फिट आली. घरातला एक जण गाडी बघायला धावला, दुसऱ्याने देवऋष्याला फोन लावला.

या बाईला काय झालं, हे आधी समजून घेऊ. तिचं बरं होणं कसं मोजायचं, हा आजचा खरा विषय आहे. पण बिघडलं काय हेच माहीत नसेल तर सुधारलं काय हे कळणार नाही.

मेंदूचं वजन साधारण १.३ ते १.४ किलो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के. पण हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर ढकलतं, त्यातलं सुमारे १५ टक्के हा एवढासा अवयव घेतो. म्हणजे मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास. जितकं आत येतं तितकं बाहेर गेलं पाहिजे, कारण कवटी म्हणजे काही फुगा नाही. हाडाची बंद पेटी आहे. आत आणणाऱ्या त्या धमन्या, बाहेर नेणाऱ्या त्या शिरा. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या लहान लहान शिरा मोठ्या नाल्यांमध्ये उतरतात. या नाल्या मेंदूच्या जाड आवरणात असतात आणि त्यांना सायनस म्हणतात. सायनस म्हटलं की लोक लगेच नाकाला हात लावतात. तो सायनस वेगळा, त्यात हवा असते. यात रक्त असतं. डोक्याच्या मधोमध, जिथे बाया भांग पाडतात, बरोबर त्याखालून सगळ्यात मोठी नाली पुढून मागे जाते. तिचं नाव सुपिरियर सॅजिटल सायनस. मागे जाऊन ती साधारणपणे दोन फाट्यांत विभागते, डावा आणि उजवा ट्रान्सव्हर्स सायनस, आणि मग मानेतल्या जुग्युलर शिरेतून रक्त हृदयाकडे परत.

आता वावराकडे चला. काळ्या जमिनीत ज्यांची शेती आहे त्यांना हे सांगायला नको. विहिरीला पाणी आहे, मोटार चालू आहे, पाइप धडधाकट आहे. म्हणजे आत येणारं पाणी ठीक. पण खालच्या अंगाची नाली बुजली. मग काय होतं? वावर चिबडतं. पाणी उभं राहतं, पऱ्हाटीच्या मुळांना हवा मिळत नाही, झाड पिवळं पडतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पाणी कमी पडलं. खरं तर पाणी निघून जात नाही, हे दुखणं असतं. नेहमीचा लकवा म्हणजे पाइप फुटला किंवा तुंबला. आपल्या बाईचा आजार म्हणजे नाली तुंबली. वैद्यकीय भाषेत सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस, सोयीसाठी आपण सीव्हीटी म्हणू.

फरक नुसता दिशेचा नाही, आणि इथे जरा थांबायला हवं. पाइप तुंबला तर झाड काही मिनिटांत, काही तासांत सुकतं. मेंदूतही तसंच: धमनी बंद झाली की पेशी भराभर मरतात, म्हणून तिथे पहिल्या साडेचार तासांची घाई असते. नाली तुंबली तर पाणी हळूहळू चढतं. शिरांतला दाब मागे मागे सरकत केशवाहिन्यांपर्यंत जातो, तिथून पाणी झिरपून मेंदूला सूज येते, आणि दाब फारच वाढला तर बारीक वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. पण या सगळ्यात वेळ असतो, आणि सुजलेला मेंदू म्हणजे मेलेला मेंदू नव्हे. एमआरआयवर जो भाग बघून आपण धमनीच्या लकव्यात ‘हा गेला’ असं म्हणू, तसाच दिसणारा भाग सीव्हीटीमध्ये परत जागेवर आलेला आम्ही पाहतो. चिबडलेलं वावर वाफशावर आलं की पुन्हा हिरवं होतं, तसं.

कारणं पटकन सांगतो. बाळंतपणात रक्त घट्ट होण्याकडे झुकतं. ती निसर्गाने रक्तस्रावापासून केलेली सोय आहे आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे ती टिकते. त्यात पाणी कमी, उन्हाळा, अंगात रक्त कमी, जंतुसंसर्ग, हे जमलं की गुठळीला जागा मिळते. पण हा फक्त बाळंतिणींचा आजार नाही. आपल्या शेजारी हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने ४२८ रुग्णांची नोंद २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात निम्म्याहून जास्त पुरुष होते आणि बाळंतिणी साधारण दहातली एक. रक्तक्षय, दारू, रक्तातलं होमोसिस्टीन वाढलेलं असणं, ही कारणं तिथे ठळक दिसली. होमोसिस्टीन वाढतं ते पुष्कळदा बी-१२ कमी पडल्याने. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या गरोदर बायांचा जो अभ्यास केला, त्यात बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर सापडली. ते संशोधन बाळांच्या वाढीसाठी होतं, गुठळ्यांसाठी नव्हे, पण शाकाहारी ताटाचा धागा इथेही येऊन मिळतो. आणखी दोन गोष्टी. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आहे, आणि सिकलसेलच्या रुग्णाचं रक्त गुठळीकडे झुकलेलं असतं. दुसरं म्हणजे महालक्ष्म्या आल्या, घरात लग्न निघालं, की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात. बहुतेक जणींना काही होत नाही. पण ज्या तरुण मुलीचं डोकं पाच दिवस थांबत नाही, तिला ‘गोळ्या घेतल्या होत्या का?’ हे विचारल्याशिवाय घरी पाठवू नये.

आता बाईकडे परत. ती दवाखान्यात पोचली. फिट बघून पहिला विचार एक्लॅम्पसियाचा येतो, म्हणजे गरोदरपणात वा बाळंतपणानंतर बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांचा. विचार चुकीचा नाही, तो करायलाच हवा. पण बारावा दिवस, बीपी फारसं नाही, एका बाजूने सुरू झालेली फिट आणि तीन दिवस वाढत गेलेलं डोकं, हे गणित वेगळं आहे. कमरेतल्या सुईचं डोकं दुखणं बसलं की वाढतं, आडवं झालं की उतरतं. दाब वाढल्याचं दुखणं बहुधा उलट: आडवं झालं, खोकलं, वाकलं की वाढतं. एवढा एक प्रश्न विचारायला कुठलं यंत्र लागत नाही. डोळ्यात ऑफ्थॅल्मोस्कोपने बघितलं तर मागची चकती सुजलेली दिसते, तेही तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकतं. साधा सिटी स्कॅन मात्र बऱ्याच रुग्णांत नॉर्मल येतो. ‘स्कॅन नॉर्मल आहे’ या तीन शब्दांवर विसंबून पेशंट घरी गेला की पुढची फिट घरीच येते. शिरा दाखवणारी तपासणी, म्हणजे सिटी किंवा एमआर व्हेनोग्राफी, केली तरच नाली दिसते.

उपचार काय? रक्त पातळ करायची इंजेक्शनं, हिपॅरिन. मेंदूत रक्तस्राव दिसतोय आणि तुम्ही रक्त पातळ करता, हे कसं? प्रत्येक नातेवाईक हा प्रश्न विचारतो आणि विचारायलाच हवा. उत्तर नालीतच आहे. रक्त फुटलं ते दाब वाढल्याने. दाब उतरवायचा तर गुठळी वाढू द्यायची नाही. १९९१ मध्ये जर्मनीत आइनहॉयप्ल आणि सहकाऱ्यांनी फक्त २० रुग्णांवर चाचणी केली. दहांना हिपॅरिन, दहांना खोटं औषध. हिपॅरिनच्या गटात आठ पूर्ण बरे झाले, दोघांना किरकोळ दोष राहिला, मृत्यू एकही नाही. दुसऱ्या गटात एक पूर्ण बरा झाला आणि तिघे गेले. चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. एवढी छोटी चाचणी, पण तिने तीस वर्षांहून जास्त काळ उपचाराची दिशा ठरवली. एक गैरसमज इथेच काढून टाकू. हिपॅरिन गुठळी विरघळवत नाही. ते ती वाढू देत नाही, विरघळवायचं काम शरीर स्वतः करतं. आणि शरीराला वेळ लागतो.

हा ‘वेळ’ म्हणजेच आपला विषय.

२००४ मध्ये आयएससीव्हीटी नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला, ६२४ रुग्णांचा. साधारण सोळा महिन्यांनी बघितलं तेव्हा ५७ टक्के लोकांना काहीच त्रास नव्हता, आणखी २२ टक्क्यांना किरकोळ. आठ टक्क्यांच्या आसपास गेले होते. म्हणजे वेळेत ओळखला तर हा आजार पुष्कळांना सोडून देतो. पण तुमच्यासमोर जो एक पेशंट बसलाय तो त्या ५७ मध्ये आहे की उरलेल्यांत, हे टक्केवारी सांगत नाही. घरचे विचारतात: गोळ्या किती दिवस? वावरात जाऊ द्यायचं का? दुसरं मूल होऊ द्यायचं का?

नेहमीची पद्धत अशी की तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा व्हेनोग्राफी करायची. नाली उघडली का ते बघायचं. पुष्कळ रुग्णांत ती पूर्ण किंवा अर्धवट उघडते, आणि जे उघडायचं ते मुख्यतः पहिल्या तीन-चार महिन्यांतच उघडतं. आता अडचण बघा. व्हेनोग्राफी नालीचं चित्र आहे, वावराचं नाही. नाली अर्धी बुजलेली राहिली, पण पाण्याने धुऱ्याशेजारून दुसरी वाट काढली आणि वावर वाफशावर आलं, असं होतं. उलटही होतं: नाली मोकळी झाली, पण तोवर दोन तास वाहून गेले होते. (इथे तास म्हणजे पिकाची ओळ, घड्याळाचा नव्हे.) तिसरी गंमत म्हणजे पुष्कळ माणसांचा डावा ट्रान्सव्हर्स सायनस जन्मतःच बारीक असतो. चित्रावर तो बंद वाटतो आणि कुठे कुठे निरोगी माणसालाही गुठळीचा शिक्का बसतो.

वावर बघायचं तर परफ्युजन. परफ्युजन म्हणजे ऊतीत, अगदी बारीक वाहिन्यांच्या पातळीवर, रक्त किती आणि कसं फिरतंय ते. तीन आकडे लक्षात ठेवा. पहिला प्रवाह: १०० ग्रॅम मेंदूतून एका मिनिटात किती मिलिलिटर रक्त गेलं. दुसरा साठा: त्या १०० ग्रॅममध्ये एका क्षणी किती रक्त उभं आहे. तिसरा मुक्काम: आत आलेला थेंब सरासरी किती सेकंद रेंगाळला. या तिघांचं नातं सोपं आहे. साठ्याला प्रवाहाने भागलं की मुक्काम. समजा प्रवाह ६० आणि साठा ४. चार भागिले साठ मिनिटं, म्हणजे ४ सेकंद. आता नाली तुंबली. साठा फुगून ६ झाला, प्रवाह उतरून ४५ वर आला. सहा भागिले पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे ८ सेकंद. प्रवाह पाव हिश्श्याने घटला, पण मुक्काम दुप्पट झाला. हे आकडे समजायला घेतले आहेत, पण चाल खरी आहे. शिरांच्या आजारात सगळ्यात आधी आणि सगळ्यात ठळक बिघडतो तो मुक्काम. धमनी बंद झाली की प्रवाह कोसळतो आणि शेवटी साठाही आटतो. शिरा बंद झाली तर साठा बहुधा फुगलेला असतो, कारण मेंदूतल्या रक्ताचा जवळपास तीन चतुर्थांश साठा शिरांच्याच बाजूला असतो. एकाच नकाशावर दुष्काळ आणि पूर वेगळे दिसतात, ते असे.

हे मोजतात कसं? एक पद्धत म्हणजे हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम नावाचं औषध झटक्यात सोडायचं आणि मेंदूचे फोटो दर दीड-दोन सेकंदांनी घेत राहायचं. औषध आलं, पसरलं, निघून गेलं, त्याचा आलेख निघतो. नालीत रंग टाकून तो पलीकडे किती वेळाने निघतो हे बघावं, तसं. दुसरी पद्धत सिटी परफ्युजन. ती मिनिटभरात उरकते आणि तातडीच्या वेळी फार उपयोगी, पण किरणं जातात. २३ वर्षांच्या बाईचं बरं होणं बघायला तीन-चार वेळा सिटी परफ्युजन करणं आम्हाला पटत नाही. तिसरी पद्धत आम्हाला सगळ्यात जास्त आवडते. तिचं नाव आर्टिरियल स्पिन लेबलिंग, एएसएल. सुई नाही, औषध नाही, किरणं नाहीत. मानेतून वर चाललेल्या रक्तातल्या पाण्यावरच चुंबकाने खूण करायची, साधारण दोन सेकंद थांबायचं आणि फोटो घ्यायचा. जत्रेच्या फाटकावर हातावर शिक्का मारतात आणि आत कुठे किती शिक्केवाले पोचले ते मोजतात, तसं. पाचेक मिनिटांचं काम. पुन्हा पुन्हा करता येतं, म्हणून सुधारणा बघायला सोयीचं.

तिच्यात खोट आहे, तीही सांगितली पाहिजे. शिक्का काही सेकंदांतच पुसट होतो. रक्त फारच सावकाश चालत असेल तर फोटो काढेपर्यंत ते ऊतीत पोचलेलंच नसतं, आणि प्रवाह आहे त्यापेक्षा कमी दिसतो. पेशंट हलला की चित्र बिघडतं, आणि बाळ बाहेर रडत असेल तर आई हलतेच. गुठळीच्या अलीकडे शिक्केवालं रक्त अडकून राहिलं तर ती जागा चमकते. ही चमक निदानाला मदत करते. पण तीच चमक काही महिन्यांनी दिसली तर अर्थ बदलतो, आणि तो मुद्दा महत्त्वाचा आहे. बंद नालीच्या आवरणात कधी कधी धमनी आणि शिर यांच्यात आडवाट तयार होते. तिला ड्युरल फिस्टुला म्हणतात. धमनीचं जोराचं रक्त ऊतीला टाळून थेट शिरेत शिरतं. रुग्ण म्हणतो, कानात नाडीच्या ठेक्यावर घूं-घूं आवाज येतो. एएसएलवर शिक्केवालं रक्त शिरेत नको तितकं लवकर दिसतं. बऱ्या झालेल्या पेशंटमध्ये हे सापडणं, हा परफ्युजनचा अगदी रोकडा उपयोग आहे. कारण फिस्टुला फुटू शकतो आणि त्यावर उपचारही आहे.

आपल्या बाईचं पुढे काय झालं असतं? हिपॅरिन, झटक्यांचं औषध, सलाइन. बहुतेक जण पहिल्या आठवड्यात वळण घेतात. समजा दहाव्या दिवशीही तिला बोलायला शब्द सापडत नाहीत आणि एमआरआयवर डाव्या बाजूला सूज आहे. इथे परफ्युजन विचारतं: सुजलेल्या भागात प्रवाह आहे का? प्रवाह टिकून आहे, मुक्काम तेवढा लांबलाय, असं असेल तर तो भाग जिवंत आहे आणि थांबण्यात अर्थ आहे. प्रवाह फारच पडलेला असेल, सूज वाढत असेल, गुंगी येत असेल, तर वाट बघत बसायचं नाही, न्यूरोसर्जनला बोलवायचं. कवटीचं हाड काढून दाब उतरवायची शस्त्रक्रिया जीव वाचवू शकते. पण हा निर्णय पेशंटच्या शुद्धीवर आणि बुबुळांवर होतो, रंगीत नकाशावर नव्हे. नकाशा फक्त बाजूला बसलेला सल्लागार.

चौथ्या महिन्यात ती येते. बोलते आहे, बाळ कडेवर आहे. व्हेनोग्राफीत मधली नाली उघडली, डावी ट्रान्सव्हर्स अजून बंद. रिपोर्टवर ‘गुठळी शिल्लक’ असं वाचून घरचे घाबरतात, आणि आम्हाला वाटतं की नेमक्या याच क्षणी परफ्युजनचं मोल आहे. मुक्काम दोन्ही बाजूंना सारखा झाला असेल, साठा उतरला असेल, तर रक्ताने शेजारून वाट काढली आहे. ती नाली कदाचित कधीच उघडणार नाही, आणि तरी बाई ठीक आहे. उलट मुक्काम अजून लांबलेला, डोकं दुखतंच आहे, डोळ्यातली सूज उतरली नाही, तर दाब शिल्लक आहे. मग नजर वाचवणं हे पहिलं काम. सीव्हीटीत जीव वाचूनही दृष्टी जाऊ शकते, आणि ती हळूहळू जाते म्हणून तक्रार उशिरा येते.

इतकं कौतुक केल्यावर उलट बाजू. सीव्हीटीच्या मार्गदर्शक तत्त्वांत परफ्युजन स्कॅन ही नेहमीची तपासणी म्हणून नाही. गोळ्या किती महिने, हे परफ्युजनवर ठरत नाही. गुठळी कशामुळे झाली त्यावर ठरतं. बाळंतपणासारखं तात्पुरतं कारण असेल तर साधारण तीन ते सहा महिने, कारण सापडलं नाही तर सहा ते बारा, आणि रक्तातच गुठळीचा गंभीर दोष असेल किंवा दुसऱ्यांदा झालं असेल तर कायम. आणि एमआरआय यंत्र असणं वेगळं, त्यावर परफ्युजनची सोय असणं वेगळं, ते वाचणारा डोळा असणं आणखी वेगळं. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळ, वणीच्या माणसाला चंद्रपूर. ज्या घराची एका फेरीत दोन दिवसांची मजुरी बुडते, त्या घराला ‘आणखी एक स्कॅन करून घ्या’ म्हणण्याआधी त्या स्कॅनने नेमका कुठला निर्णय बदलणार आहे, हे डॉक्टरला सांगता आलं पाहिजे. नसेल सांगता येत तर तो स्कॅन नको. पैसे आणि शक्ती आयएनआरच्या तपासणीसाठी राखून ठेवा. वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉलवर असलेल्या पेशंटचा आयएनआर २ ते ३ मध्ये राहणं, हे दहा रंगीत चित्रांपेक्षा जास्त कामाचं आहे. आणि ती रक्ततपासणी तालुक्यात होऊ शकते.

तालुक्यात, गावात, आणखी एक यंत्रणा आहे. बाळंतपणानंतर ४२ दिवसांत आशाताई घरी येतात: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्या भेटी मुख्यतः बाळासाठी आहेत. वजन, ताप, नाळ. पण बाळंतिणीतला सीव्हीटी बहुतेक पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच डोकं वर काढतो. म्हणजे सातवा, चौदावा, एकविसावा दिवस. त्या तीन दिवशी आईला एकच जादा प्रश्न: डोकं दुखतं का, आणि झोपल्यावर वाढतं का? ‘हो’ आलं, सोबत उलट्या, अंधुक दिसणं, हातपायाला मुंग्या किंवा झटका असेल, तर १०८ ला फोन. यवतमाळात परफ्युजन यंत्र येईल तेव्हा येईल. बारावा दिवस मात्र रोज कोणा ना कोणा बाळंतिणीचा उजाडतो.

इथे थांबतो. वेळ आहे, दोन-तीन प्रश्न घेऊ.

प्रश्न : गोळ्या चालू असताना बाळाला पाजायचं का?

पाजायचं. हिपॅरिन आणि वॉरफरिन यांवर असताना साधारणपणे दूध तोडावं लागत नाही. नव्या प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र पाजणाऱ्या आईला टाळतात; डॉक्टरांना ‘मी पाजते’ हे स्वतःहून सांगा. स्कॅनला गॅडोलिनियम दिलं तर तेही दुधात अगदी नगण्य उतरतं. धोका दुसरीकडे आहे. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी या औषधांसोबत पोटात रक्तस्राव करू शकते. मेथी-पालक बंद करायची गरज नाही. रोज साधारण सारखं खा. आठ दिवस काहीच नाही आणि मग दोन दिवस नुसती भाजी, असं नको.

प्रश्न : बाळंतिणीला पाणी किती द्यायचं?

तिला तहान लागेल तितकं, आणि एप्रिल-मेमध्ये त्याहून थोडं जास्त. लघवी पिवळी होत असेल तर कमी पडतंय. पोट सुटतं ते स्नायू सैल झाल्याने, पाण्याने नव्हे. घरातल्या मोठ्या बाईला हे तिच्यासमोरच, तिचा मान ठेवून सांगा. तांब्या तिच्याच हातात असतो.

प्रश्न : माझ्या सुनेला हे झालं होतं. नाली अजून अर्धी बंद आहे म्हणतात. दुसरं बाळ होऊ द्यायचं का?

होऊ शकतं. पुढच्या गरोदरपणात पुन्हा सीव्हीटी होण्याचा धोका अशा बायांमध्ये इतरांपेक्षा जास्त असतो, पण एकूण बघता कमीच. म्हणून बंद नालीवरून ‘मूल नको’ असा निकाल देता येत नाही. दोन गोष्टी मात्र आधी करा. वॉरफरिन चालू असेल तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांना भेटा, कारण ती गोळी पहिल्या महिन्यांत बाळाला घातक ठरू शकते. आणि पूर्ण गरोदरपणात व नंतर किमान सहा आठवडे हिपॅरिनचं इंजेक्शन घ्यायचं का, हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांनी मिळून ठरवायचं असतं. बहुधा घ्यावं असाच सल्ला मिळतो. इंजेक्शन पोटाच्या कातडीत द्यायचं, घरच्या घरी शिकता येतं. पहिल्या वेळचे सगळे कागद, फिल्म आणि सीडीसकट, एका पिशवीत ठेवा आणि बाळंतपणाला माहेरी जाताना ती पिशवी सुनेबरोबर पाठवा.